बारा नंबरचं मशीन

पुरुषोत्तम रावांना काळजी करायला कारण लागत नसे. गॅसचं बटण बंद केलं का, हे ते वेस्ट मांबलमच्या फ्लॅटचा जिना उतरताना तीनदा विचारत आणि त्यांच्या पत्नी सरोजाबाई वरून तीनदा "केलें" म्हणत. पण त्या शुक्रवारी अंबत्तूरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये त्यांना जी काळजी लागली तिला खरोखरच कारण होतं, आणि ते कारण त्यांनी स्वतः चार महिने खपून तयार केलं होतं.

राव मूळचे तंजावरकडचे मराठी, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले, घरात जुन्या वळणाची मराठी बोलणारे. सत्तावन्न वर्षांचे, सडपातळ, खिशाला दोन पेनं. आयुष्यातली सव्वीस वर्षं त्यांनी अंबत्तूरच्याच एका कारखान्यात गेज तपासण्यात घालवली होती. गेज म्हणजे सुटा भाग बरोबर मापाचा आहे की नाही ते सांगणारं हत्यार. रावांचा तिथे एकच नियम होता आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत: माल रिजेक्ट करायच्या आधी गेज तपासा. माल बहुतेक वेळा चांगला असतो, गेजच झिजलेलं असतं. कारखाना बंद झाल्यावर पन्नाशीत काँप्युटर शिकून ते या सेंटरवर इन्स्ट्रक्टर झाले. मशीन बदललं, नियम तोच राहिला. निदान तो तसाच राहिला आहे अशी त्यांची समजूत होती.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्याची माणसं टेस्ट घ्यायला येणार होती. तिथल्या मशीनवरचे सेन्सर वाचणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला त्यांना चार-पाच मुलं हवी होती. सेंटरच्या बॅचमध्ये मुलं नऊ. प्रॅक्टिकलचे मार्क बघून रावांनी आठ नावांची यादी आदल्या दिवशी पाठवली होती. नववी श्रीरंजनी. तिचं नाव यादीत नव्हतं.

सकाळी डबा भरताना सरोजाबाईंनी ते काढलंच.

"श्रीरंजनीस आज टेस्ट की नाही?"

"नाही. मार्क नाहीत तीस."

"मार्क कोण देतो?"

"मीच देतो. म्हणून काय झालें?"

"कांहीं नाही," म्हणत सरोजाबाईंनी डब्याचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं.

श्रीरंजनी रावांच्या चुलत बहिणीची मुलगी. तंजावरच्या मराठी घरांचं गणित असं की मांबलमात दगड मारला तर तो कुणातरी नातेवाइकालाच लागायचा. जूनमध्ये तिचे वडील वेंकोबा तिला घेऊन आले तेव्हाच रावांना धास्ती वाटली होती. तिला जड जाईल याची नव्हे, लोक काय म्हणतील याची. कारखान्यात असताना त्यांनी एकदा पुतण्याला चिकटवला होता. त्या दिवट्यानं दुसऱ्याच महिन्यात एक महागडं मशीन बिघडवलं, आणि पुढची सात वर्षं रावांना कँटीनमध्ये "काय राव, आज कुणाला आणलंत?" हे ऐकावं लागलं. तेव्हापासून नात्यातल्या माणसाचं नाव निघालं की ते दोन पावलं मागे सरत.

म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मुलीला जिन्यात गाठून दोन नियम घालून दिले. सेंटरमध्ये मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. आणि मराठीत बोलायचं नाही, बाकीच्यांसारखं तमिळमध्ये बोलायचं. इकडे आडनाव नसतंच, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. हजेरीत ती व्ही. श्रीरंजनी, म्हणजे कुणाला काही कळायचा प्रश्न नव्हता. सेंटरच्या प्रमुख विद्युलता मॅडम सांगलीच्या, रावांशी रोज मराठीत बोलत, त्यांच्या "मज, तुज"ला हसत. त्यांनासुद्धा कळलं नाही. एवढ्यावर थांबले असते तर ते राव कसले! त्यांनी तिला शेवटच्या रांगेत, बारा नंबरवर बसवलं. पुढची आठ मशीनं नवी होती, मागची चार कुणीतरी देणगी म्हणून दिलेली, पंधरा वर्षांची. मागच्या रांगेतले बाकीचे तिघे महिन्याभरात कोर्स सोडून गेले. ती एकटीच तिथे राहिली. पुढे हलवलं तर भाची म्हणून हलवलं असं होईल, म्हणून रावांनी तिला हलवलं नाही.

पहिले दोन महिने तरीही ती पहिल्या तिघांत होती. ऑगस्टनंतर मात्र तिचे मार्क असे घसरले की रावांना वाटलं, घरी लग्नाचं चाललं असेल, मुलीचं चित्त थाऱ्यावर नाही. सप्टेंबरात तर कहर झाला. जेवणाच्या सुट्टीत ती तीन नंबरच्या जननीच्या मशीनवरून पेन ड्राइव्हवर काहीतरी घेऊन बारा नंबरवर चढवताना सापडली. कॉपी! रावांनी पेन ड्राइव्ह काढून घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि सगळ्यांसमोर शून्य दिलं. मनातून त्यांना थोडं बरंही वाटलं. आता तरी कुणी म्हणणार नव्हतं की राव आपल्या माणसांना सांभाळतात.

शुक्रवारी साडेनऊला त्यांनी आठ जणांची रंगीत तालीम घेतली. कारखान्याची अट साधी होती. ज्यात प्रोग्रॅम लिहितात त्या एडिटरमध्ये त्यांचं एक पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा, आधी बसवायचं, मग त्याच्या मदतीनं प्रोग्रॅम लिहायचा. पॅकेज शोधून, उतरवून, जागेवर बसवायचं काम एडिटरमधला पॅकेज मॅनेजर करतो. आपण फक्त बटण दाबायचं. पण पाच नंबरचं मशीन चालूच होईना. उघडून पाहिलं तर आत एक पाल, वीजपुरवठ्याच्या डब्यात, कायमची झोपलेली. पाच नंबरवर जननी बसायची होती, कारण तालमीसाठी रावांनी जागा उलटसुलट केल्या होत्या. "जा, मागे बारावर बस," ते म्हणाले.

जननी म्हणजे बॅचमधली पहिली. तिनं बटण दाबलं. किती काम झालं ते दाखवणारी पट्टी जराशी पुढे सरकली आणि पडद्यावरची खिडकी मिटली. चूक झाली म्हणून काही लिहून आलं नाही. खिडकी होती, ती नाहीशी झाली.

"तूच काहीतरी चुकीचं दाबलं असशील," रावांच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि निघता निघताच त्यांची जीभ अडखळली. जननी चुकीचं दाबत नाही. हे वाक्य दोन महिन्यांत आपण किती वेळा बोललो, आणि कुणाला, हे त्यांना आठवायचं नव्हतं.

जननीनं मान वर केली नाही. "सर, श्रीरंजनीचं पण असंच व्हायचं. रोज."

काळजी लागली ती तेव्हा. पावणेदहा वाजले होते.

रावांनी मुलांना चहाला पाठवलं आणि स्वतः बारा नंबरसमोर बसले. आधी त्यांनी नेटची वायर बदलली. खिडकी मिटली. अँटिव्हायरस बंद केला. खिडकी मिटली. डिस्कवर जागा आहे का पाहिलं, जागा भरपूर होती. एडिटर काढून पुन्हा बसवला, त्यात वीस मिनिटं गेली, आणि खिडकी पुन्हा मिटली, आता तर जरा जास्तच चटकन, असं त्यांना वाटलं. ते अकरा नंबरवर गेले. तिथेही तेच. दहावरही तेच, नवावरही तेच. मग एक नंबरवर आले, तर पॅकेज दहा सेकंदांत जागेवर. एडिटर तोच, नेट तेच, बोट तेच.

आता फक्त मशीन वेगळं होतं, आणि हे त्यांना कबूल करवेना. देवा, यात माझीच काही चूक निघू दे, वायरीची निघू दे, पण हे नको, असं ते मनात म्हणत राहिले. कारण मशीनची चूक निघाली तर दोन महिन्यांचे मार्क खोटे होते.

साडेदहाला त्यांनी नेटवर शोधायला घेतलं. लोकांनी विचारलेले प्रश्न वाचता वाचता एका ठिकाणी त्यांची नजर खिळली. कुणीतरी, कुठल्या तरी देशात, अगदी हेच लिहिलं होतं: पट्टी थोडी सरकते, खिडकी मिटते, चूक दाखवत नाही. खाली उत्तर होतं. ऑगस्टच्या नव्या आवृत्तीत पॅकेज मॅनेजर नव्या पद्धतीनं बांधलाय. नव्या प्रोसेसरना जे हुकूम कळतात ते तो वापरतो. जुन्या प्रोसेसरना त्यातले काही मुळात माहीतच नाहीत. तसा हुकूम आला की काम तिथेच तुटतं. जुन्या मशीनवर तो चालणार नाही. मशीन वापरणाऱ्याची यात काही चूक नाही.

शेवटचं वाक्य रावांनी चार वेळा वाचलं. ऑगस्टमध्ये सगळ्या मशीनवर नवी आवृत्ती त्यांनी स्वतःच बसवली होती, एका शनिवारी, मोठ्या उत्साहानं.

त्याखाली उपायही होता. पॅकेज नव्या मशीनवर उतरवा. त्याचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. जुन्या मशीनवर एडिटरच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवा. पॅकेज म्हणजे नुसता मजकूर असतो, तो जुन्यावरही चालतो. अडतो तो फक्त आणणारा.

रावांनी पेन ड्राइव्हसाठी ड्रॉवर उघडला. हाताला लागला तो हिरवा, टोकाला लाल दोरा बांधलेला. सप्टेंबरपासून तो तिथेच पडला होता. तो त्यांनी एकदाही उघडून पाहिला नव्हता. चोरीचा माल, पाहायचा काय! आता त्यांनी तो एक नंबरला लावला.

आत जननीचा प्रोग्रॅम नव्हता. कुणाचाच प्रोग्रॅम नव्हता. एकच फोल्डर होतं, 'बारा नंबरसाठी' असं नाव दिलेलं, आणि त्यात त्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलची तीन पॅकेजं. सोबत एक लहानशी चिठ्ठी, इंग्रजीत: जुन्या मशीनवर मॅनेजर चालत नाही, तीन नंबरवरून आणून ठेवलं की चालतं, सरांना सांगायचं आहे.

पुरुषोत्तम राव खुर्चीत बसूनच राहिले. त्यांना एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपण सकाळपासून घाम गाळून जिथे पोचलो तिथे ती सप्टेंबरातच पोचली होती, आणि त्याबद्दल आपण तिला शून्य दिलं. सरांना सांगायचं आहे. तिनं सांगितलं नव्हतं का? वर्गात दोनदा म्हणाली होती, तमिळमध्ये, अदबीनं, "सर, हे आपोआप बंद होतंय." नवरात्रात ती घरी कोलूची आरास पाहायला आली होती. बाहुल्यांच्या पायऱ्यांसमोर बसून तिनं गाणं म्हटलं, सरोजानं तिच्या हातावर हरभऱ्याच्या उसळीचं सुंडल ठेवलं, आणि तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "मामा, मज एक सांगायचें होतें, त्या बारा नंबर मशीनचें..." आणि आपण म्हणालो होतो, "घरांत वर्गाची गोष्ट नको गे." वर्गात तिला मामा नव्हता आणि घरात सर नव्हते. पोरीनं सांगायचं तरी कुठे?

आणि गेज! सव्वीस वर्षं जगाला गेज तपासायला सांगणाऱ्या माणसानं पोरीला रिजेक्ट करताना गेजकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ते विद्युलता मॅडमच्या केबिनमध्ये शिरले.

"मॅडम, यादींत एक नांव घालायचें आहे."

"राव सर, यादी काल गेली. दोन वाजता माणसं येतायत." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि तुम्ही एवढे पांढरे का पडलाय? बसा आधी."

ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं: प्रोसेसर, ऑगस्टची आवृत्ती, शून्य, पेन ड्राइव्ह. मॅडम ऐकत राहिल्या.

"हे मी कळवते त्यांना. पण ऐन वेळी नाव घातलं तर ते विचारणारच, हिच्यासाठीच एवढी धडपड का? इन्स्ट्रक्टरची कोणी लागते का?"

हाच तो प्रश्न. याच प्रश्नाला भिऊन त्यांनी मुलीला चार महिने मागच्या रांगेत बसवलं होतं.

"लागते. भाची आहे माझी. चुलत बहिणीची मुलगी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "चार महिने? आणि मला आज सांगताय?"

"लोक कांहीं म्हणतील म्हणून..."

"कोण लोक, राव सर? इथे कोण काय म्हणालं होतं?"

कुणीच काही म्हणालं नव्हतं. म्हणणारे सगळे वीस वर्षांपूर्वीच्या कँटीनमध्ये बसले होते.

मॅडमनी फोन लावला. कारखान्याचा माणूस ऐकून म्हणाला, मूळ मार्क चांगले असतील तर बसू द्या; पण कारण आणि नातं दोन्ही लिहून सही करून द्या, आणि मुलगी दोनच्या आत जागेवर हवी. दोन म्हणजे दोन. रावांनी कागद घेतला. नातं त्यांनी मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

मग श्रीरंजनीला फोन. उचलला नाही. पुन्हा. उचलला नाही. वेंकोबांना लावला.

"अरे, ती तर निघाली की! इरुंगाट्टुकोट्टैस. तेथें दुसऱ्या एका कारखान्यांत पॅकिंगचें काम आहे म्हणे, आज कामाचें पत्र देतात. तुझ्या यादींत नांव नाही म्हटल्यावर घरी बसून काय करील?" वेंकोबांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच रावांना जास्त लागलं.

पाचव्यांदा तिनं फोन उचलला. मागे बसचा घरघराट. ती तमिळमध्ये म्हणाली, "सांगा, सर."

"मामा बोलतो गे मी," राव मराठीत म्हणाले. "कोठे आहेस?"

"पूनमल्ली," ती तमिळमध्येच म्हणाली. म्हणजे अर्ध्या वाटेवर.

"उतर तेथें. अंबत्तूरची बस धर, नाही तर रिक्षा कर. दोनच्या आंत पोच. तुझें नांव घातलें आहे."

"सर, तिकडे एकची वेळ दिलीय. गेले नाही तर ते पत्र दुसऱ्या कुणाला देतील." ती थांबली. "मी इकडे आले आणि बारा नंबर पुन्हा बंद पडलं तर?"

तिनं आपल्यावर विश्वास ठेवावा असं रावांनी काही केलंच नव्हतं. त्यांना ते कळत होतं.

"बंद पडणार नाही. तुझा पेन ड्राइव्ह उघडला मी. आज."

फोन कट झाला. तिनं केला की बस पुलाखाली गेली, काही कळेना. पुन्हा लावला तर लागेना.

त्यानंतरचे दोन तास रावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. कारखान्याचं पॅकेज एक नंबरवर उतरवून त्यांनी बारा नंबरवर ठेवलं, अकरावर जननीसाठी ठेवलं, उघडून पाहिलं, बंद करून पुन्हा पाहिलं. डबा उघडला नाही. सव्वाला ते फाटकाशी गेले, दीडला पुन्हा गेले. कारखान्यांच्या एस्टेटच्या रस्त्यावरून येणारी प्रत्येक रिक्षा त्यांना तिचीच वाटे आणि प्रत्येक रिक्षा पुढे निघून जाई. पावणेदोनला कारखान्याची गाडी आली. दोन माणसं उतरली, हस्तांदोलन झालं, आणि त्यांना लॅब दाखवताना रावांचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं.

दोनला सहा मिनिटं कमी असताना ती दारात आली. कपाळावर घाम, ओढणी खांद्याला गुंडाळलेली, पॅकिंगचं पत्र घ्यायला जाताना घातलेले चांगले बूट धुळीनं माखलेले. पुढे पाच नंबरच्या जागी मॅडमनी आपल्या ऑफिसचं मशीन आणून लावलं होतं. राव त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं बस, पुढे."

ती मागेच गेली. बारा नंबरवर बसली, पॅकेज जागेवर आहे का ते तिनं स्वतः तपासलं, आणि मग हात पुढे केला. रावांनी हिरवा पेन ड्राइव्ह त्यावर ठेवला. तिनं तो बॅगेत टाकला आणि चेन लावली.

कारखान्याच्या माणसानं सगळ्यांसमोर विचारलं, "इथल्या देखरेखीवर असलेल्यांपैकी कुणाचं कुणाशी नातं आहे?" कागद त्याच्या हातात होता, तरी त्यानं विचारलं.

रावांनी हात वर केला. "ती माझी भाची. मी बाहेर बसतो." आठ माना एकदम बारा नंबरकडे वळल्या. कुणी काही म्हणालं नाही. एक मुलगा तर जांभई देत होता.

दोन तास ते कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसून होते. दाराच्या काचेतून बारा नंबरचा कोपरा तेवढा दिसत होता. खिडकी मिटली असती तर दिसलं असतं. मिटली नाही. चार वाजता मुलं बाहेर आली, सगळ्यांत शेवटी ती.

"कसें झालें?"

"मशीन बंद पडलं नाही, सर," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

निकाल पुढच्या बुधवारी आला. पाच जणांना घेतलं. पहिली जननी, तिसरी व्ही. श्रीरंजनी. रावांनी तो कागद घरी नेऊन सरोजाबाईंना दाखवला, आणि त्या रात्री शुक्रवारनंतर पहिल्यांदा पोटभर जेवले. मागच्या चार मशीनवर त्यांनी पॅकेज मॅनेजरची जुनी आवृत्ती बसवली आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून चिकटवलं.

दीपावलीला श्रीरंजनी आईबरोबर घरी आली. हातात डबा, अंगावर नवी साडी, पहिल्यांदाच नेसलेली असावी. ती सरोजाबाईंच्या पाया पडली, मग रावांच्या.

"घ्या मामी. सर, तुम्हीही घ्या."

सरोजाबाई हसल्या. "हें काय गे? घरांत कसले सर?"

"सवय झाली, मामी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरोखरच सवय झाली होती.

रावांनी डब्यातला म्हैसूरपाक उचलला. एक घास खाऊन ते "छान झाला आहे गे" म्हणाले, आणि उरलेला तुकडा त्यांनी बशीत ठेवून दिला.